मधली बॅग

पेट्रोल भरायला थांबलो होतो. मोटरसायकल जुनी, एका सिलिंडरची. टाकीच्या झाकणाची किल्ली अर्धी वळून अडते. त्यामुळे मागच्याने आधी उतरायचं, मग मी, मग किल्लीशी झटापट, असा आमचा ठरलेला क्रम. बायको उतरली, बॅग एका हाताने सावरली आणि दुसऱ्या हाताची मूठ उघडून तळहात बघत उभी राहिली. माझी नजर सहज गेली. बॅगेच्या पट्ट्याचा ठसा तळहातावर उमटला होता. नुसता लाल वळ नव्हता तो. पट्ट्याची तिरपी वीण आणि बकलची चौकट, दोन्ही कोरल्यासारखी स्पष्ट. "शिक्काच बसला की," मी म्हणालो. तीही हसली. तळहात जीन्सवर चोळला, मी गाडीवर बसल्यावर बॅग पुन्हा आमच्या मध्ये उभी केली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "अजून किती?" "ऐंशी किलोमीटर," मी नेहमीसारखं उत्तर दिलं.

गोष्ट एवढीच. पण त्या रात्री अंथरुणाला पाठ टेकली आणि तो ठसा काही डोळ्यांसमोरून हलेना. अकरा वर्षं आम्ही दोघं या गाडीवर फिरतोय. बॅग कायम मध्ये, सीटवर उभी. वळणावर ती एका बाजूला कलू नये म्हणून पट्टा तिच्या डाव्या मुठीत आवळलेला आणि उजवा हात मागच्या दांडीला. म्हणजे तीन-तीन, चार-चार तास तिचे दोन्ही हात कामाला जुंपलेले. नाक खाजवायचं तर आधी माझ्या पाठीवर थाप मारून वेग कमी करायला सांगायचं. हे सगळं मला माहीत होतं, म्हणजे कुणी विचारलं असतं तर मी सांगू शकलो असतो. पण माहीत असणं आणि लक्षात येणं यांत बरंच अंतर असतं, आणि ते पार करायला मला अकरा वर्षं लागली. शिवाय ती "अजून किती?" विचारायची तेव्हा तिला खरंच किलोमीटर हवे असायचे का, हाही प्रश्न त्या रात्रीच पहिल्यांदा पडला.

गाडी आहे तशीच ठेवायची हा माझा हट्ट. १९९२ ची गाडी आहे, बाबांकडून माझ्याकडे आलेली. टाकीपासून शेपटीपर्यंत तिची एक रेघ जाते, त्या रेघेवर माझा जीव. मित्रांनी आपापल्या गाड्यांना पेट्या लावल्या, काचा लावल्या, मोबाइलचे स्टँड लावले. माझ्या गाडीवर आरशांपलीकडे एक नट जास्तीचा नव्हता आणि त्याचा मला अभिमान होता. "कॅरिअर का नाही लावत?" असं कुणी विचारलं तर मी गंभीर चेहऱ्याने सांगायचो, या गाडीला कॅरिअर शोभत नाही. अंग दुखतं, मुंग्या येतात, हे मी जवळजवळ कौतुकानेच सांगत असे. जुनी गाडी चालवायची म्हणजे एवढं सोसायलाच हवं, नाहीतर काय मजा! सोसणारं मागे दुसरंच कुणी होतं, हे त्या हिशेबात कुठेच नव्हतं.

कॅरिअर होतं की गाडीला. मागे बसत होतं.

याच गाडीवर मी लहानपणी टाकीवर बसायचो. हँडलच्या मधल्या भागाला धरायचं, हनुवटी स्पीडोमीटरच्या काचेजवळ. चौथ्या गिअरमध्ये एका ठरावीक वेगाला टाकी अशी थरथरायची की दातावर दात वाजायचे, आणि तोंड किंचित उघडं ठेवून 'आऽऽ' म्हटलं की आवाज तुकड्या-तुकड्यांत निघायचा. तो माझा खेळ होता. टाकीचा खालचा भाग इंजिनामुळे कोमट लागायचा, तोंडावर वारा आणि पोटऱ्यांना ऊब. पाठीमागे बाबांचं पोट, त्यामागे बॅग, त्यामागे आई. आता आठवायला बसलो तर टाकीचा रंग आठवतो, काट्याची थरथर आठवते, बाबांच्या घड्याळाचा पट्टा आठवतो. आईचे हात आठवत नाहीत. आठवणार कसे? ते मला कधी दिसलेच नाहीत. मागचं बघायला गाडीला आरसे असतात खरे, पण आरशात दिसतो तो रस्ता, आणि कोपऱ्यात स्वतःचं कोपर. मागे बसलेलं माणूस आरशात येत नाही.

गंमत म्हणजे पहिल्या मोटरसायकलपासूनच बसणाऱ्याचे हाल सुरू झाले. १८८५ मध्ये गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्यावर २६४ सीसीचं, अर्ध्या अश्वशक्तीचं इंजिन बसवलं. पहिली फेरी डाइमलरच्या मुलाने, पाउलने मारली, आणि त्या फेरीत सीटने पेट घेतला असं सांगतात. कारण साधं होतं: इंधन पेटवणारी तापलेली नळी नेमकी सीटच्या खाली होती. इंजिन चाललं, चाकं फिरली, इतिहास घडला; वर माणूस बसणार आहे हे मात्र कुणाच्या डोक्यात शेवटी आलं असावं. पुढे कित्येक वर्षं मागच्या चाकाला शॉकअप नसायचेच, सीटखालच्या स्प्रिंगा काय सोसतील ते सोसतील.

मग १९५० साल येतं. मॅककँडलेस बंधूंनी नॉर्टन या ब्रिटिश कंपनीच्या शर्यतीच्या गाडीसाठी नवी चेसिस केली. ती चालवून हॅरल्ड डॅनियल हा शर्यतपटू म्हणाला की ही तर पिसांच्या गादीसारखी आहे, आणि चेसिसचं नावच 'फेदरबेड' पडलं. शर्यतीच्या गाडीला गादीचं नाव! आराम म्हणजे ढिलेपणा, असं मानणाऱ्या माझ्यासारख्यांची यात चांगलीच पंचाईत आहे. कारण ती गादी वेगवान होती. खड्ड्याखड्ड्याला अंग आवळून धरायला लागत नसेल तर माणूस वळणाकडे लक्ष देतो. अशीच दुसरी गोष्ट जुझेप्पे व्हिसेन्झीची. १९६९ मध्ये ३५० सीसीच्या जागतिक स्पर्धेत तिसरा आलेला हा शर्यतपटू. गाडीचा एकेक ग्रॅम कमी करण्यात ज्याचं तारुण्य गेलं, त्याने १९७८ मध्ये कंपनी काढली आणि ती पुढे ओळखली गेली ती गाडीवर सामान लादायच्या पेट्यांसाठी. कंपनीचं गिव्ही (Givi) हे नाव त्याच्याच नावाच्या, Giuseppe Visenzi च्या, रोमन आद्याक्षरांचं. वय वाढलं की माणसाला सामानाचं महत्त्व कळतं, असं मी यावरून म्हणणार होतो, पण त्याला ते माझ्यापेक्षा बरंच लवकर कळलं.

तर ठरवलं. पण ठरवल्यावर आधी पान्याला हात न लावता वजनकाट्याला लावला, हे मी त्यातल्या त्यात शहाणपणाचं केलं. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय की चालवणारा, मागे बसणारा आणि सामान असा सगळा मिळून १५० किलो भार चालेल. हे 'सगळा मिळून' मी इतकी वर्षं वाचलंच नव्हतं. माझ्या समजुतीत माणसं वेगळी आणि सामान वेगळं. मी ७४, ती ५८. दोन हेल्मेटं ३ किलो. जाकिटं आणि बूट ४. झाले १३९. उरले ११. मग ती मधली बॅग, आदल्या प्रवासात होती तशीच भरून, काट्यावर ठेवली.

नऊ किलो.

नऊ किलो चार तास. मी ती बॅग उचलून डाव्या मुठीत पट्टा धरून खुर्चीवर बसून पाहिलं. सात मिनिटांनी सोडली. खुर्ची तर हलतही नव्हती.

आणि खरी मेख पुढेच होती. कॅरिअर आणि बॅगा टांगायच्या चौकटी यांचं लोखंडच साडेचार किलो होणार, रिकाम्या बॅगा दीड किलोच्या. म्हणजे ११ मधून ६ गेले ते सामान नेण्याच्या सोयीतच गेले, प्रत्यक्ष सामानाला उरले पाच. खोगीरभरती हा शब्द आपण वायफळ भरतीसाठी वापरतो, पण तो मुळात खोगिराच्या आत कोंबायच्या चिंध्यांचा. माझं सगळं सामान एकदा फरशीवर मांडलं तेव्हा त्या शब्दाचा मूळ अर्थ आणि रूढ अर्थ दोन्ही एकदम समोर आले. जादा बूट, दोन पुस्तकं (एकही कधी उघडलेलं नाही), तीन चार्जर, एक टॉर्च आणि 'असू दे' म्हणून ठेवलेला दुसरा टॉर्च. यातलं तिचं किती आणि माझं किती हेही वेगळं करून पाहिलं. पाहायला नको होतं. नऊपैकी साडेसहा किलो माझे होते.

पुढच्या दोन महिन्यांत मी जे केलं ते कुणी चित्रात दाखवावं असं नाही. नव्या पेट्या घ्यायच्या नव्हत्या; एक तर त्या माझ्या गाडीच्या मापाच्या मिळत नाहीत, दुसरं म्हणजे गाडीपेक्षा पेट्या भारी असं ध्यान मला नको होतं. भंगारातून दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं कॅरिअर आणलं. घरात दोन जुन्या कॅनव्हासच्या शाळेच्या बॅगा पडल्या होत्या, त्या दोन पट्ट्यांनी एकमेकींना जोडून सीटवरून आडव्या टाकल्या: एक डावीकडे, एक उजवीकडे. झाली तयार, आणि मग लक्षात आलं की ही तर पडशी. खांद्यावर किंवा घोड्याच्या पाठीवर टाकायची दोन तोंडांची पिशवी, दोन्हीकडे वजन सारखं. नवीन काही शोधल्याचा आनंद दोन मिनिटंही टिकला नाही, पण त्याहून बरं वाटलं.

पडशी घोड्याला ठीक असते, कारण घोड्याला चाक नसतं. बॅग नुसती लोंबत ठेवली तर हिसक्याने आत झुकते आणि चाकाला, चेनला लागते. पट्ट्याचं टोक चेनमध्ये गेलं तर चाक जागच्या जागी अडकू शकतं. म्हणून दोन्ही बाजूंना पातळ पाइपच्या चौकटी करून घेतल्या, बॅग चाकापासून चार बोटं लांब राहील अशा. चेसिसला वेल्डिंग करायचं नाही हे पक्कं होतं; जिथे कारखान्यातून आलेले बोल्ट होते, तिथेच थोडे लांब बोल्ट घालून चौकट अडकवली. उजवीकडे सायलेन्सर. पहिल्याच चाचणीत अर्ध्या तासाने कॅनव्हास तापल्याचा वास आला, थांबून पाहिलं तर बॅगेचा तळ इस्त्री विसरून राहिल्यासारखा तपकिरी. मग मध्ये पत्र्याची ढाल, पत्रा आणि सायलेन्सर यांत बोटभर हवा. मागचे इंडिकेटर बॅगांच्या आड गेले, ते काढून कॅरिअरच्या टोकाला आणले. एक गोष्ट केली की तिच्यामुळे दुसरी करायला लागते. जुन्या घरात खिळा ठोकल्यासारखं.

बांधायला आधी जुन्या ट्यूबचे पट्टे वापरले. फुकट, चिवट, हाताला ओळखीचे. पण रबर ताणलं जातं हा त्याचा गुण आणि तोच अवगुण. खड्ड्यात सामान उचललं जातं, परत येताना थोडं सरकून येतं, आणि तासाभराने पाहावं तर सगळा डोलारा एका बाजूला. आता न ताणणारे विणलेले पट्टे आहेत, आणि प्रत्येकाचं उरलेलं टोक गुंडाळून त्याच्यावर ट्यूबची एकेक चकती. ट्यूब पूर्ण सुटली नाही, नोकरी बदलली तिची.

मागच्या कॅरिअरवर मोठी पेटी ठेवायचा मोहही झाला होता. कागदावर हिशेब केला. माझ्या गाडीच्या दोन चाकांच्या आसांमध्ये १३० सेंटिमीटर. मागच्या आसाच्या ३० सेंटिमीटर मागे १० किलो टांगले, तर मागच्या चाकावर १० नाही, सुमारे १२ किलो ३०० ग्रॅम पडतात. ते वरचे कुठून येतात? पुढच्या चाकावरून. तिकडचे २ किलो ३०० ग्रॅम कमी होतात. तराफ्याच्या टोकाला जाड माणूस बसल्यावर होतं तसं. मागे जाल, उंच जाल तितकं हँडल हलकं आणि वेगात गाडीची शेपूट डुलायला मोकळी. म्हणून जड सगळं खाली आणि पुढे, बॅगांच्या तळाशी. मागच्या कॅरिअरवर फक्त रेनकोट आणि कपड्यांची वळकटी.

मग सीट. सीट उघडली आणि कुबट वास आला, कित्येक वर्षांच्या पावसाचा. रेक्झिनच्या शिवणीतून पाणी आत जात होतं आणि फोम ते पीत होता. फोम म्हणण्यासारखं तरी काय उरलं होतं. बोटांत धरलं की पिवळा भुगा. पॉलियुरेथेन ऑटो बायरने १९३७ मध्ये शोधलं, माझ्या सीटमध्ये ते १९९२ मध्ये भरलं गेलं आणि बहुधा दहाएक वर्षांतच निवृत्त झालं. त्यानंतर आम्ही पत्र्यावरच बसत होतो, वर रेक्झिनचा मान राखून.

माझी पहिली चूक अगदी सरळ होती: मऊ फोम आणला. दुकानात हाताने दाबून पाहिला, लोण्यासारखा. गाडीवर पहिली दहा मिनिटं राजेशाही, विसाव्या मिनिटाला खालचा पत्रा पुन्हा भेटला. आपण बसतो ते दोन हाडांवर. त्यांच्याखाली मऊ फोम पूर्ण दबतो, आजूबाजूचा मात्र फुगलेला राहतो, आणि सगळा दाब त्या दोन जागांवरच येतो. खाली कडक थर हवा, वर पातळ मऊ. कडक थरासाठी घरातली व्यायामाची जुनी चटई कापून दोन पदरी घातली. तिच्यातली हवेची छिद्रं बंद असतात, त्यामुळे ती पाणीही पीत नाही. हाडांतलं अंतर मोजायची युक्ती मजेशीर आहे. कडक स्टुलावर खोक्याचा पुठ्ठा ठेवायचा, त्यावर दोन मिनिटं ताठ बसायचं, उठायचं आणि उमटलेल्या दोन खळग्यांमधलं अंतर पट्टीने मोजायचं. मी ११ सेंटिमीटर. मग तिला बसायला सांगितलं. तिने आधी माझ्याकडे, मग स्टुलाकडे, मग पट्टीकडे पाहिलं आणि न बोलता बसली. १३. मागच्या सीटचा सपाट भाग तेवढा रुंदच नव्हता. कडेला उतार होता आणि ती अकरा वर्षं त्या उतारावर बसत होती.

हेही मी मोजलं नसतं तर कळलं नसतं, आणि विचारलं असतं तर मोजावं लागलं नसतं.

हातांच्या मुंग्यांसाठी हँडल इंचभर वर घेतलं. खाली तुकडे घातले, बोल्ट आवळले, मनगटं सरळ झाली, मी खूश. पहिल्या वळणावर हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं आणि इंजिन आपोआप ओरडायला लागलं. ॲक्सिलरेटरची केबल तेवढी लांब नव्हती. हँडल वळलं की ती ताणली जायची आणि गाडी माझ्या मनगटाला न विचारता वेग घ्यायची. भिंतीपासून दोन हात अलीकडे थांबलो. गुडघे बराच वेळ शांत होईनात. केबल चेसिसच्या आतल्या बाजूने फिरवून घेतली, तेव्हा सुटली. माझं इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर असतं तेव्हा पिस्टन सेकंदाला सदुसष्ट वेळा वर-खाली होतो, आणि त्यातली बरीचशी थरथर हँडलमधून बोटांत उतरते. दांड्यांच्या टोकाला वजनं बसवली, ती काहीशी कमी झाली. पूर्ण गेली नाही. पूर्ण गेलेली मला आवडलीही नसती, हे आता खाजगीत कबूल करतो. टाकीवरचा तो 'आऽऽ' अजून कुठेतरी हवा असतो.

हीच थरथर नटांची वैरीण. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पाना घेऊन सगळं पुन्हा तपासलं, तर सातांपैकी दोन नट हाताने फिरत होते. तिथे नायलॉनची कडी असलेले नट घातले. मागचे शॉकअप दोन घरं कडक केले, कारण भरलेली गाडी मागे बसते, आणि मागे बसली की हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतो. मागच्या टायरमध्ये एकट्याला २८ असते ती हवा दुकट्याला ३२ केली. चेन दोघं बसलेले असताना तपासली. हे सगळं पुस्तकात होतं. बत्तीस वर्षं.

काम संपलं तेव्हा गाडी आडव्या बाजूने पाहिली आणि खरं सांगतो, मन खट्टू झालं. माझी ती रेघ गेली होती. टाकीपासून निघायची आणि कॅनव्हासवर येऊन आपटायची. सडपातळ माणसाने दोन्ही हातांत पिशव्या घेऊन कमरेवर कोपरं टेकवावीत तशी गाडी दिसत होती. त्यात पहिल्याच दिवशी अंगणाच्या फाटकातून बाहेर काढताना डावी बॅग खांबाला घासली. हँडल गेलं की गाडी गेली, हा माझा जुना अंदाज. आता मागची रुंदी हँडलपेक्षा चार बोटं जास्त होती. कॅनव्हासवर पांढरी रेघ उमटली. एक रेघ गेली, दुसरी आली.

बाबा खाली आले. काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारली. चौकट हलवून पाहिली, इंडिकेटर बोटाने दाबला, सीटवर तळवा टेकवून वजन टाकलं. मी वाट बघत होतो. ही त्यांची गाडी; तिच्या अंगाला एवढ्या गोष्टी लावल्या म्हणून काहीतरी ऐकायला मिळणार, असं धरून चाललो होतो.

"तुझी आई दोनदा म्हणाली होती कॅरिअर लावा म्हणून," ते म्हणाले.

"मग?"

"शोभलं नसतं."

एवढं बोलून ते सायलेन्सरजवळच्या पत्र्याच्या ढालीकडे वाकून बघायला लागले, आणि मी पाने पेटीत ठेवायला लागलो. पाने आधीच पेटीत होते.

पहिला लांबचा प्रवास त्यानंतर पंधरा दिवसांनी. सामान पाच किलो, खरोखर पाच, एक टॉर्च. ती मागे बसली, हात मोकळे. ते कुठे ठेवायचे हे तिला बराच वेळ कळत नव्हतं. आधी गुडघ्यांवर, मग मागच्या दांडीला, मग जाकिटाच्या खिशात. मला आरशात तिचं कोपर दिसलं, माझ्या कोपराच्या पलीकडे, वाऱ्यात हललेलं. कदाचित तिने नाक खाजवलं असेल. शंभरएक किलोमीटरवर पेट्रोलला थांबलो. ती उतरली, मी उतरलो, किल्ली अर्धी वळून अडली. मी झाकण सोडून आधी तिच्या तळहाताकडे पाहिलं. काही नव्हतं. तिने माझं पाहणं पाहिलं आणि दोन्ही हात माझ्यासमोर उघडून धरले, वर्गात नखं दाखवावीत तसे.

"कसं वाटतंय?" मी विचारलं. कौतुकाची वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू.

"सीट छान आहे," ती म्हणाली. जरा थांबली. "पण एक सांगू का? बॅग मध्ये असायची ना, ती टेकायला बरी होती. आता तुझी पाठ एकदम तोंडासमोर येते. ब्रेक मारलास की हेल्मेटवर हेल्मेट. आणि तेव्हा मी अशी जरा मागे रेलून बाजूचं बघत बसायचे."

दोन महिने, सातांपैकी दोन नट, तेरा सेंटिमीटर, आणि हे मी विचारलंच नव्हतं. मी काही बोललो नाही. तीही आणखी काही बोलली नाही. डाव्या बॅगेचं बकल उघडून आत हात घातला, तिचा स्वेटर काढला, तो एका छोट्या कापडी पिशवीत कोंबून पिशवीचं तोंड बांधलं. मी गाडीवर बसलो. माझ्या पाठीमागे ती पिशवी आली, तिच्यामागे ती. जेमतेम पाव किलो, उशीएवढी. पट्टा नव्हताच तिला.

"अजून किती?" तिने विचारलं.

"दीड तास," मी म्हणालो. "पण कधीही थांबू."

किक मारली. टाच उजव्या बॅगेला घासली, ती चौकट अजून बोटभर मागे घ्यायला हवी.